खुबा बदलला, पुढे काय?

मंडळी, या शनिवारचा विषय अगदी शब्दशः हाडाचा आहे. ज्यांना इथे भटकंतीबद्दल वाचायचं होतं त्यांनी कृपया पुढच्या आठवड्यात यावं. (वासोट्याचं लिहायचं राहिलंय, ठाऊक आहे मला.)

माझ्या मामाचा डावा खुबा जानेवारी २०२३ मध्ये बदलला. हिप रिप्लेसमेंट. तेव्हापासून नात्यातल्या, ऑफिसातल्या, सोसायटीतल्या प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारलाय, "काय, चालायला लागले का?" आणि मी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून "हो, लागले की!" असं उत्तर देत आलोय. ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून मामा वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन आला होता. विचारणारे खूश, मी खूश. मामाचा धंदा चालण्याचा नसून सुतारकीचा आहे, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आली नाही. माझ्या तर नाहीच नाही, आणि आजचं हे सगळं पुराण त्यापायीच आहे.

मामा तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहतो. खिडक्या, दारं, चौकटी, देवघरं, लग्नातले पलंग, आणि हल्ली किचनमधलं प्लायवुडचं काम. गावाकडचा सुतार काम कसा करतो हे तुम्ही पाहिलंय का? उभं राहून नाही. तो जमिनीवर बसतो. एक पाय दुमडलेला, दुसरा लांब. फळी टाचेखाली किंवा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत धरलेली, आणि दोन्ही हातांनी रंधा. पटाशी चालवताना उकिडवा, करवत चालवताना एक गुडघा फळीवर. आयटीआयमध्ये पोरांना टेबलाला बसवलेला लोखंडी वाइस वापरायला शिकवतात, मामाचा वाइस म्हणजे त्याचे पाय. चाळीस वर्षं त्याचे खुबे हे त्याचं अवजारच होतं, फक्त पेटीत न मावणारं.

मे २०२१ मध्ये मामाला करोना झाला. ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड दिली गेली, जीव वाचला. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोननं कमी होतात हे २०२० मधल्या ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनंच दाखवलं होतं, त्यामुळे औषध चुकीचं दिलं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी मामाची जांघ दुखायला लागली. मग गुडघा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत! सहा-सात महिने गुडघ्याला तेल लावण्यात गेले. पहिल्या एक्सरेमध्ये काही दिसलं नाही. शेवटी एमआरआयमध्ये दिसलं की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो कमरेच्या वाटीत फिरतो, त्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड आतून मरतंय. एव्हीएन म्हणतात त्याला, अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. स्टेरॉइड, दारू, अपघात अशी त्याची ठरलेली कारणं. मामा दारू पीत नाही. कारण स्टेरॉइडच, असं एकट्या माणसाच्या बाबतीत छातीठोकपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते मला पटलं. दोष द्यायला कुणी सापडलं की बरं वाटतं, एवढंच.

गोळा खचला होता, त्यामुळे बदलण्याला पर्याय नव्हता. मामा तेव्हा ५१ वर्षांचा. मिरजेच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. माझ्या कंपनीची पॉलिसी आईवडिलांपर्यंत येते, मामापर्यंत नाही. आम्ही तिघा भाचरांनी मिळून दोन लाख ऐंशी हजार उभे केले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑपरेशनची एक गंमत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. भूल पाठीतून दिली होती, म्हणजे मामा कमरेखाली बधिर पण जागा. हे ऑपरेशन करताना मांडीचं हाड आतून पोकळ करायला कानशीसारखी हत्यारं लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमानं ठोकत जातात. मग टायटॅनियमचा दांडा हातोडीनं ठोकून बसवतात. सिमेंट नसेल तर तो निव्वळ घट्टपणावर धरतो, आणि पुढे हाड त्याच्यावर वाढतं. पडद्यापलीकडे हे ठोकणं चालू असताना मामा आवाज ऐकत पडला होता. ठोका पोकळ येतोय तोवर दांडा सरकतोय, आवाज बदलला की बसला. एका ठोक्याला मामा आपसूक म्हणाला, "बसलं." आणि सर्जन थांबले! तेही त्याच आवाजाची वाट बघत होते. "तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, "आवो, चौकट ठोकताना आसंच कळतंय की." ही गोष्ट त्यानं आतापर्यंत गावात किमान दोनशे लोकांना सांगितली असेल. हाडांच्या डॉक्टरांना सुतार म्हणण्याचा विनोद जुना आहे, पण सुतारानं टेबलावर पडून दाद दिल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

ह्या सांध्याची जन्मकथाही कारागिरांचीच आहे म्हणा ना. इंग्लंडात लँकेशायर भागातल्या रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये जॉन चार्न्ली नावाच्या सर्जननं १९५० च्या दशकाच्या शेवटी टेफ्लॉनची वाटी बसवून सुमारे ३०० लोकांचे खुबे बदलले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, आसपासचं हाड बिघडलं, आणि त्याला एकेक वाटी परत काढावी लागली. मग त्याच्या प्रयोगशाळेत एक दाट प्लास्टिक आलं, पॉलिइथिलीन, जे तिथल्या कापडगिरण्यांतल्या मागांच्या दातेरी चक्रांसाठी विकलं जात होतं. चाचणीत ते टेफ्लॉनपेक्षा कितीतरी कमी झिजलं. आधीच्या अनुभवानं पोळलेल्या चार्न्लीनं दोन्ही प्लास्टिकचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले, शरीर काय म्हणतं ते बघायला. (आपण प्रॉडक्शनवर टेस्टिंग करतो म्हणून शिव्या खातो, हा माणूस स्वतःवर करत होता.) नोव्हेंबर १९६२ पासून त्यानं पॉलिइथिलीनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. आज मामाच्या खुब्यात आहे ती त्याच प्लास्टिकची सुधारलेली नातवंडं. २००७ मध्ये 'लॅन्सेट'नं या ऑपरेशनला 'शतकाचं ऑपरेशन' म्हटलं, आणि २०१९ मध्ये त्याच नियतकालिकातल्या एका अभ्यासानं हिशोब मांडला की अशा सांध्यांपैकी साधारण ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. ५१ अधिक २५, म्हणजे ७६. मामानं हे गणित बोटांवर केलं आणि म्हणाला, "दाराला बी तेवढीच ग्यारंटी देतो मी."

तर एवढं सगळं छान झाल्यावर आम्हाला डिस्चार्ज कार्ड मिळालं, आणि माझी खरी तक्रार तिथून सुरू होते.

कार्डावर लिहिलं होतं, खुबा ९० अंशापेक्षा जास्त वाकवू नये. पायावर पाय टाकू नये. पाऊल आत वळवू नये. मांडी घालून बसू नये, उकिडवं बसू नये, कमोडच वापरावा. पाठीमागच्या बाजूनं सांधा उघडून केलेल्या ऑपरेशननंतर साधारणपणे हे सांगतातच, कारण पहिल्या तीन महिन्यांत गोळा वाटीतून निसटायचा धोका जास्त असतो. सगळं बरोबर. आम्ही भाड्यानं कमोडची खुर्ची आणली, पलंगाखाली विटा लावल्या, मामीनं आयुष्यात पहिल्यांदा घरात जेवणाचं टेबल येऊ दिलं.

आणि शेवटची ओळ होती, "अवजड काम व खाली बसून करायचे काम शक्यतो टाळावे."

'शक्यतो'! आपल्यातल्या कुणी रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये 'शक्यतो' लिहिलं तर त्याला मीटिंगमध्ये सोलतात. अवजड म्हणजे किती किलो? खाली म्हणजे किती इंच? टाळावे म्हणजे सहा आठवडे, सहा महिने की मरेपर्यंत? आणि टाळून त्यानं खायचं काय? मी लॅपटॉपवाला. माझा खुबा गेला असता तर सहा आठवड्यांत खुर्चीला उंच उशी लावून मी परत स्टँडअपमध्ये असतो, त्याआधी घरून काम केलं असतं, पगार एक दिवस चुकला नसता. ते कार्ड माझ्यासाठीच लिहिलं होतं. मामाच्या बाबतीत मात्र त्या एका ओळीनं त्याचा अख्खा धंदाच टाळायला सांगितला होता.

याची उलटतपासणी मी नंतर केली. दर तपासणीला एक फॉर्म भरून घेत, मला उत्सुकता म्हणून मी तो बघितला. हॅरिस हिप स्कोअर. बॉस्टनचे विल्यम हॅरिस यांनी १९६९ मध्ये काढलेला, जगभर वापरला जाणारा, शंभर गुणांचा पेपर. दुखण्याला ४४ गुण. लंगडण्याला ११, काठी लागते का याला ११, किती अंतर चालता याला ११. जिना ४, बूटमोजे घालता येणं ४, खुर्चीत बसणं ५. सार्वजनिक वाहनात चढता येण्याला चक्क १ गुण आहे. जमिनीवर बसता येतं का? प्रश्नच नाही. तुमचं नेहमीचं काम करता येतं का? असा स्वतंत्र प्रश्न नाही. दुखण्याच्या उत्तरातच कामाचा ओझरता उल्लेख आहे, बस्स. म्हणजे माणूस घरी पलंगावर नुसता बसून असेल, धंदा बुडालेला असेल, तरी त्याला नव्वदच्या पुढे गुण पडू शकतात. मामाला सहाव्या महिन्यात ९३ पडले. सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि युजर ते सॉफ्टवेअर वापरूच शकत नाही, हा प्रकार आपल्याला नवा नाही. बॉस्टनमध्ये बसून हॅरिसनं सुताराचा विचार केला नाही म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण पन्नासहून जास्त वर्षं झाली, आपल्याकडे तो फॉर्म भरून घेताना समासात पेनानं "काम काय करता?" एवढं लिहायला कुणाची हरकत होती?

आता माझ्या मूर्खपणाबद्दल.

ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी, टाके काढून झाल्यावर, मी मोठ्या रुबाबात जाहीर केलं, "मामा, आता बास झालं. चाळीस वर्षं राबलास. मी दर महिन्याला बारा हजार पाठवतो, तू आराम कर." मामी रडली. आई म्हणाली, गुणाचं गं माझं लेकरू. मला पुण्याला परतताना एक्स्प्रेसमध्ये फार उदात्त वगैरे वाटत होतं.

मामानं आराम केला. इतका केला की व्यायामही सोडला. "आता कशाला करायचा? कुठं जायाचंय?" फिजिओथेरपीला जायला सांगितलं होतं, दोनदा गेला आणि थांबला. दुसऱ्या महिन्यात मी गेलो तर काठी घेऊन डावीकडे झुकत चालत होता, आणि काठीही डाव्याच हातात, कारण बघणारे सगळे सांगत होते, "दुखतंय त्या बाजूला धर की!" त्याच्याबरोबरचा पोरगा दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला होता. पडवीत अवजारांच्या पेटीवर कोंबडी बसली होती. मी पेटी उघडली तर रंध्याच्या पात्यावर गंज. मामाच्या रंध्यावर गंज! लहानपणी आम्ही नुसता हात लावला तरी ओरडणारा माणूस तो. मी म्हटलं, "अरे, तेल तरी लावायचं." तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू पैशे पाठवतोयस नव्हं? मग झालं तर."

त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळजवळ ओढूनच मिरजेला फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे नेलं. तिशीतल्या असतील. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "काम काय करता?" ऑपरेशनपूर्वीपासून मोजलं तर आम्ही एकूण नऊ वेळा दवाखान्यात गेलो होतो, आणि हा प्रश्न पहिल्यांदा आला. मामा म्हणाला, "सुतारकाम करत हुतो." त्या म्हणाल्या, "करत होता ते असू दे. कसं करता ते दाखवा. बसू नका, तोंडानं सांगा आणि हातानं दाखवा." पुढचा पाऊण तास मामा बोलत होता. दोन महिन्यांत मिळून तो तेवढं बोलला नव्हता.

मग त्यांनी काठी उजव्या हातात दिली. कारण असं की एका पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला पडतं, आणि कमरेला तोलून धरायला बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढतात. त्या स्नायूंना मिळणारी दांडी आखूड, म्हणून त्यांना वजनाच्या दुपटीच्या आसपास ओढावं लागतं, आणि हे सगळं मिळून साधं चालतानाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पट भार येतो. विरुद्ध हातातली काठी मात्र लांबून आधार देते, म्हणून थोडंसंच दाबलं तरी पुष्कळ काम होतं. मॅडम हे कागदावर काढून दाखवायला लागल्या, तर मामा म्हणाला, "म्हंजे पहार. लांब धरली की जोर कमी लागतो." संपलं. मला समजायला दोन वेळा चित्र बघावं लागलं होतं.

पण काठी उजव्या हातात, आणि रंधाही उजव्याच हाताचा! हे मला सुचलं नव्हतं, मामाला लगेच सुचलं. मॅडम म्हणाल्या, "मग हात मोकळा ठेवून आधार कुठून मिळेल?" मामा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "टेबल."

त्या दिवशी आम्ही स्टँडकडे जाताना सतारमेकर गल्लीतून गेलो. मिरजेची ही गल्ली ज्यांनी बघितली नाही त्यांनी जरूर बघावी. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानादुकानात कारागीर जमिनीवर बसून, भोपळा मांडीशी धरून कोरीव काम करत असतात. मामा एका दुकानासमोर बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, कोरीव काम बघतोय. तो त्यांच्या बसण्याकडे बघत होता. "ह्यांचं खुबं गेलं तर काय करत असतील रं?" एवढंच म्हणाला.

तिसऱ्या महिन्यात त्यानं टेबल केलं. सागाचं नाही, जुन्या चौकटींच्या लाकडाचं. उंची हात सरळ सोडल्यावर मनगटापर्यंत. एका टोकाला लोखंडी वाइस, तो मात्र सांगलीतून विकत आणला. शिवाय एक उंच स्टूल, ज्यावर अर्धवट टेकून उभं राहता येतं आणि खुबा गुडघ्याच्या बराच वर राहतो. सगळा खर्च साडेसहा हजार. दोन लाख ऐंशी हजाराच्या ऑपरेशनचा उपयोग व्हायला साडेसहा हजाराचं टेबल लागलं, आणि ते सुचवणं हे कुणाच्याच कामात बसत नव्हतं. सर्जनच्या नाही, हॉस्पिटलच्या नाही, पॉलिसी असती तर पॉलिसीच्याही नाही.

टेबल झालं म्हणून सगळं जमलं असं समजू नका. आधी रोज अर्धा तास काम, मग बसणं. उभ्यानं रंधा मारायला तो वैतागायचा. "लाकूड पायाला कळतं, वाइसला कळत न्हाई," असं म्हणायचा, आणि त्यात तथ्य असावं. चाळीस वर्षांची सवय होती, एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर जाण्याइतकं ते सोपं नव्हतं. कुशीवर झोपून पाय वर उचलायचा व्यायाम मात्र आता चुकत नव्हता, कारण लंगडत उभं राहिलं की रंधा तिरका जातो हे त्याला त्याच्या लाकडानंच दाखवलं. सहाव्या महिन्यात दिवसाचे चार तास, वर्षानं सहा. प्लायवुडची आठ बाय चारची अठरा मिलिमीटरची शीट तीस किलोच्या पुढे जाते. ती तो उचलत नाही, तिथे मदतनीस ठेवलाय. शिडीवर चढत नाही. दाराचा खालचा बिजागर आणि जमिनीलगतचं काम पोरगा करतो, मामा स्टुलावरून ओरडतो. घरोघरी जाऊन किचनची कामं करणं बंद झालं. आता चौकटी, खिडक्या आणि देवघरं करून देतो. मिळकत आधीच्या साधारण दोन तृतीयांश. माझे बारा हजार चौथ्या महिन्यात त्यानं परत पाठवले, फोन करून सांगितलंही नाही.

"एवढं महागडं ऑपरेशन केल्यावर परत अंगमेहनत कशाला? सांधा झिजेल ना!" असं माझा एक मित्र म्हणाला. प्रश्न रास्त आहे. वय कमी आणि वापर जास्त असेल तर सांधा पुन्हा बदलायची वेळ लवकर येऊ शकते, हे डॉक्टरांनीही सांगितलंय. शिवाय एव्हीएन पुष्कळदा दोन्ही बाजूंना होतो, त्यामुळे उजव्या खुब्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. म्हणूनच तर 'शक्यतो टाळा' पुरत नाही! नेमकं काय करायचं, काय कायमचं सोडायचं, काय टेबलावर घ्यायचं हे कुणीतरी बसून ठरवायला हवं. तसं ठरवलं नाही तर पोटासाठी माणूस शेवटी परत जमिनीवर बसतो, तेही डॉक्टरांना न सांगता. आमच्याच गावात द्राक्षबागेत काम करणारे एकजण आहेत. खुबा बदलून दोन महिन्यांत उकिडवं बसून काम करत होते, गोळा निसटला, परत दवाखाना. लोक म्हणाले, ऐकलं नाही. मला विचाराल तर त्यांना ऐकण्यासारखं काही सांगितलंच गेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट, मामीनंच बोलून दाखवली म्हणून लिहितो. तिचा खुबा गेला असता तर 'कामावर परत कधी' हा प्रश्न मी तरी विचारला असता का? खाली बसून भाकरी थापणं, मोरीत भांडी, पाटावर कपडे, केर काढताना वाकणं. तिचं सगळं काम जमिनीवरचं, आणि ते काम आहे असं कुठल्याही कार्डावर लिहिलेलं नसतं. "मला टेबल कुणी केलं असतं?" असं ती हसत हसत म्हणाली. मामानं पुढच्या आठवड्यात मोरीला कट्टा बांधून घेतला. भाकरी अजून खालीच थापते, ती म्हणते टेबलावर गोल येत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असं कुणी ना कुणी असेल. गावाकडचे काका, घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचा प्लंबर. पैसे पाठवायचं मन होईल, ते पाठवाच, त्याशिवाय पहिले तीन महिने निघत नाहीत. पण ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला ते काम कसं करतात ते सांगा. जमलं तर काम करतानाचा मोबाइलवर एक व्हिडिओ काढून न्या. मी तो काढला असता तर दोन महिने आणि एक रंधा वाचला असता. पात्याला पडलेले खड्डे घासून गेले नाहीत, नवीन पातं घ्यावं लागलं. आणि "आराम करा" म्हणण्याआधी जरा थांबा. आपल्याला शनिवार-रविवारचा आराम आवडतो, कारण सोमवार ठरलेला असतो.

परवा मामा वार्षिक तपासणीला जाऊन आला. फोनवर विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? तर म्हणे एक्सरे एकदम झकास, चालता ना विचारलं, चालतो म्हणालो. त्यानं सोबत एक काठी नेली होती, चालायची नव्हे. बांबूच्या टोकाला लोहचुंबक बसवलंय, खाली पडलेले स्क्रू आणि खिळे न वाकता उचलायला. मधे एक लाकडी चिमटा, तो पेन्सिलसाठी. डॉक्टरांना दाखवायला म्हणून नेली होती.

"मग, बघितली त्यांनी?"

"न्हाई, भायेर गर्दी लई हुती. म्याडमनी बघितली. त्यांना पायजे एक, पेशंटला दाखवायला. जरा लांब करायला सांगितलीय."